कॅसेट ते फुकट गेम: मुलांच्या खेळाचा हिशोब कसा बदलला

दिवाळीत बहिणीकडे गेलो होतो. जेवणं झाल्यावर नऊ वर्षांची भाची आईचा फोन घेऊन सोफ्याच्या कोपऱ्यात शिरली आणि वीसेक मिनिटांनी तो स्वतःहून परत आणून दिला. मला कौतुक वाटलं. म्हटलं, "शाब्बास! झालं खेळून?"

"नाही रे मामा, लाइफ संपल्या. आता अर्ध्या तासाने एक येईल."

हे उत्तर माझ्या डोक्यातून जाईना. आम्ही लहान असताना टीव्हीला जोडायचा गेम होता. कॅसेट चालली नाही की तोंडाने फुंकायची आणि पुन्हा खोचायची. त्यातल्या मारिओलाही मोजक्याच लाइफ असायच्या, पण त्या संपल्या की लगेच पहिल्यापासून सुरू करता यायचं. आम्हाला थांबवायचं काम आई करायची, नाहीतर लोडशेडिंग. गेमने कधी थांबवलं नाही. कॅसेटवाल्याला त्याचे पैसे मिळून गेले होते. आम्ही उद्या खेळलो काय किंवा न खेळलो काय, त्याचं काही अडत नव्हतं. भाचीच्या गेमचं मात्र ती उद्या आली नाही तर अडतं. आज तिला मध्येच थांबवलं जातं ते उद्याची ओढ शिल्लक राहावी म्हणून.

गेम बनवणाऱ्या कंपन्या खास यंत्रं सोडून मोबाइलकडे वळल्या असं आपण सहज म्हणून जातो. यंत्र बदललं हे खरंच आहे. पण त्याहून मोठी उलथापालथ पैसे मिळवायच्या पद्धतीत झाली आणि त्या पद्धतीने गेमची घडणच बदलली. हे नीट समजून घ्यायचं तर जपानकडे बघावं लागतं. तिथे मुलांच्या दप्तरात आधी गेमचं यंत्र होतं, मग हातात फोन आला, आणि जगातली सर्वांत नावाजलेली गेम कंपनी या बदलाशी काही वर्षं झगडली. तो झगडा तिच्या ताळेबंदात दिसतो.

खिशात मावणारं यंत्र

निन्टेन्डो ही क्योतो शहरातली कंपनी. १८८९ मध्ये ती सुरू झाली तेव्हा हानाफुदा नावाचे फुलांच्या चित्रांचे पत्ते बनवायची. १९८३ मध्ये तिने घरच्या टीव्हीला जोडायचं 'फॅमिली कॉम्प्युटर' हे यंत्र १४,८०० येनला बाजारात आणलं. आमच्या टीव्ही गेममध्ये चालायच्या त्यातल्या बऱ्याच कॅसेटी याच यंत्रावरच्या गेमच्या नकला होत्या, हे मला फार उशिरा कळलं.

१९८९ मध्ये आला गेम बॉय. तो घडवणाऱ्या गुनपेई योकोई यांचा एक आवडता विचार होता: तंत्रज्ञान नवंकोरं नको, जुनं, स्वस्त आणि मुरलेलं घ्या, पण त्याचा उपयोग असा करा की कोणाला सुचला नसेल. म्हणून गेम बॉयचा पडदा रंगीत नव्हता, हिरवट करडा होता. चार पेन्सिल सेलवर तो तासन्‌तास चालायचा आणि हातातून पडला तरी सहसा बिघडायचा नाही. पुढच्या रंगीत आवृत्तीसह तो जगभरात जवळपास १२ कोटी विकला गेला.

१९९६ मध्ये त्याच गेम बॉयवर पोकेमॉन आला, आणि मुलांच्या खेळाची खरी जाण मला त्यात दिसते. गेमच्या दोन आवृत्त्या काढल्या, लाल आणि हिरवी. काही प्राणी एकीत मिळायचे, काही दुसरीत. सगळे जमवायचे तर मित्राच्या यंत्राला वायर जोडून अदलाबदल करायलाच हवी. म्हणजे खेळायला मित्र लागायचा, आणि तोही समोर बसलेला. २००४ नंतरच्या डीएस या यंत्रात वायरची जागा वायरलेसने घेतली. बागेतल्या बाकावर पाच-सहा मुलं, प्रत्येकाच्या हातात उघडझाप होणारं यंत्र आणि सगळी एकाच खेळात, हे त्या काळच्या जपानमधलं रोजचं दृश्य होतं. डीएस १५ कोटींहून जास्त विकले गेले.

या सगळ्यात पैशाचा व्यवहार सरळ होता. यंत्र वाढदिवसाला नाहीतर नाताळात मिळायचं. एका गेमला चार-पाच हजार येन पडायचे. जपानी मुलांना नववर्षाला थोरांकडून पाकिटात पैसे मिळतात, ओतोशिदामा म्हणतात त्याला. ते साठवून मूल गेम घ्यायचं. खूप विचार करून, मित्रांना विचारून, दुकानात दोनदा हात लावून. एकदा पैसे दिले की गेम पूर्ण तुमचा. त्याला सुरुवात होती आणि शेवटही होता. गेम रटाळ निघाला तर त्याचा पुढचा भाग कोणी घेणार नाही, एवढीच भीती बनवणाऱ्याला असायची. माझ्या मते ती चांगली भीती होती.

घरात आपोआप आलेलं यंत्र

फोनवर खेळणं जपानला नवीन नव्हतं. तिथे १९९९ पासूनच साध्या फोनवर आय-मोडचं इंटरनेट होतं. ग्री आणि डीएनए अशा कंपन्या बटणांच्या फोनवर छोटे गेम चालवून बक्कळ कमवत होत्या. पण त्यांचे गिऱ्हाईक प्रामुख्याने मोठी माणसं, लोकलमध्ये उभ्याने वेळ काढणारी.

जुलै २००८ मध्ये ॲपलचं ॲप स्टोअर उघडलं. कोणीही गेम बनवावा आणि जगभर विकावा. बघता बघता किमती शंभर येनच्या आसपास घसरल्या. जो गेम दुकानात पाच हजारांना, त्याच्या शेजारी फोनवर शंभराचा. दोन्हींच्या दर्जात अंतर होतं, पण आठ वर्षांच्या मुलाला त्याचं काय? त्यानंतर ऑक्टोबर २००९ मध्ये ॲपलने एक नियम बदलला. तोवर गेमच्या आत वस्तू विकायची परवानगी फक्त विकत घेतलेल्या ॲपना होती, ती आता फुकट ॲपनाही मिळाली. बातमीत दोन ओळींच्या वर जागा मिळू नये असा बदल. भाचीच्या 'लाइफ'चं मूळ मात्र तिथे आहे.

मुलांच्या सवयी बदलल्या म्हणजे काय झालं? मुलांनी एखाद्या सकाळी ठरवलं नाही की आता डीएस नको, फोन हवा. आईबाबांनी नवा फोन घेतला आणि जुना मुलाकडे आला. हॉटेलात जेवण यायला उशीर होतोय, मूल चुळबुळ करतंय, तर त्याच्या हातात फोन दिला गेला. गेमचं यंत्र विकत आणायचा निर्णय घरात कोणी घेतलाच नाही, कारण यंत्र दुसऱ्याच कामासाठी घरात आलेलं होतं. 'घ्यायचं का?' हा प्रश्न गेला की 'किती वेळाचं?' आणि 'किती पैशाचं?' हेही प्रश्न सोबत जातात.

निन्टेन्डोला याचा फटका लगेच बसला. फेब्रुवारी २०११ मध्ये तिने थ्रीडीएस हे नवं यंत्र २५,००० येनला आणलं. लोक घेईनात. सहा महिन्यांच्या आत किंमत १५,००० वर आणावी लागली. कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी जबाबदारी म्हणून स्वतःचा पगार निम्मा केला. मार्च २०१२ ला संपलेल्या वर्षात कंपनीला ४३ अब्ज येनहून जास्त तोटा झाला. एकत्रित हिशोब जाहीर करायला लागल्यापासूनच्या तीन दशकांत असं कधी झालं नव्हतं.

इवाता मुळात प्रोग्रामर होते. तरुणपणी स्वतः गेम लिहिलेला माणूस. २०११ च्या मार्चमध्ये अमेरिकेत गेम बनवणाऱ्यांच्या मेळाव्यात ते बोलले, त्याचा आशय असा होता: फोन आणि सोशल नेटवर्क चालवणाऱ्यांना गेमची किंमत टिकवण्यात काही रस नाही, कारण गेम बनवणारा दुसराच कोणी असतो आणि यांची कमाई संख्येवर असते. तेव्हा अनेकांना ही हरणाऱ्याची तक्रार वाटली. आज मागे वळून बघताना मला ते सगळ्यात नेमकं निदान वाटतं.

बोटाने खेळायचं म्हणजे

फोनवर गेम आणायचा तर आधी एक साधी अडचण सोडवावी लागते: फोनला बटणं नाहीत. गेम बॉयचं बटण अंगठ्याला न बघताही सापडायचं. काचेवर काय सापडणार? शिवाय बोट ठेवलं की त्याखालचं चित्र झाकलं जातं. म्हणून जुने गेम जसेच्या तसे फोनवर आणले ते बहुतेक फसले. जे चालले ते बोटासाठीच नव्याने जन्मलेले होते.

फिनलंडमधल्या रोव्हिओ कंपनीने ५१ गेम केल्यानंतर डिसेंबर २००९ मध्ये ५२वा आणला, अँग्री बर्ड्स. त्यात काय करायचं? बेचकी ताणायची आणि सोडायची. कैऱ्या पाडलेल्या कुठल्याही मुलाला हे शिकवावं लागत नाही.

जपानमध्ये हे काम केलं गुंगहो कंपनीच्या 'पझल अँड ड्रॅगन्स'ने, फेब्रुवारी २०१२ मध्ये. फोन उभाच धरायचा, रंगीत गोट्या अंगठ्याने सरकवून एका रंगाच्या जुळवायच्या, त्या जुळल्या की आपला राक्षस समोरच्याशी लढतो. लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने खेळता येईल असा. एक डाव दोन-चार मिनिटांत संपतो. गेम फुकट. वर्षभरात याने एवढा पैसा ओढला की मे २०१३ मध्ये शेअर बाजारातली गुंगहोची किंमत काही काळ निन्टेन्डोच्याही पुढे गेली. एका फुकट गेमच्या जोरावर. त्यानंतर जपानमध्ये कुठल्याच गेम कंपनीच्या बैठकीत मोबाइलचा विषय टाळता आला नसेल.

फुकटात पोट कसं भरतं

गावच्या जत्रेचं बघा. आत जायला तिकीट नसतं. गर्दी जमते. बहुतेक जण नुसते फिरतात, एखादा भेळ खातो, एखादा पाळण्यात बसतो, आणि एखादाच रिंग टाकून साबण जिंकायच्या नादात शंभराची नोट मोडतो. जत्रेचा खर्च मुख्यतः त्या एखाद्यावर निघतो. पण तो सापडायला आधी गर्दी लागते.

फुकट गेमचंही असंच आहे. शंभरातले पंचाण्णवहून जास्त खेळाडू कधीच पैसे देत नाहीत. जे देतात त्यातलेही बहुतेक थोडेसेच देतात. अगदी मूठभर लोक प्रचंड देतात, आणि कमाईचा मोठा भाग त्यांच्याकडून येतो. या धंद्यातले लोक त्यांना 'व्हेल' म्हणतात, म्हणजे देवमासा. माणसाला मासा म्हणायची ही पद्धत मला मनापासून खटकते.

त्यामुळे बनवणाऱ्याचा पहिला प्रश्न 'गेम चांगला झाला का' एवढाच राहत नाही. तो विचारतो, आज शंभर जणांनी घेतला, त्यातले उद्या किती परत येतील? सातव्या दिवशी किती? तिसाव्या दिवशी? याला रिटेन्शन म्हणतात आणि कंपनीत रोज सकाळी हा आकडा बघितला जातो. जो परतच येत नाही तो पैसे देणार कधी आणि जाहिराती बघणार कधी?

आता गेममधल्या ओळखीच्या गोष्टी या नजरेने बघा. लाइफ पाच, आणि प्रत्येक परत यायला तीस मिनिटं. म्हणजे मूल दिवसातून एकदा तासभर खेळण्याऐवजी सहा वेळा दहा मिनिटं खेळतं. खेळाचा एकूण वेळ तेवढाच, पण सवय सहापट घट्ट. थांबायचं नसेल तर पैसे द्या किंवा जाहिरात बघा. रोज आल्याचं बक्षीस, सलग सात दिवस आलात तर मोठं, आणि मध्ये एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. गेमच्या आतले पैसे रुपयात नसतात, रत्नांत किंवा नाण्यांत असतात. आणि रत्नं ऐंशीच्या नाहीतर पाचशेच्या गठ्ठ्यात मिळतात, तर हवी ती वस्तू नव्वद रत्नांची. हातात नेहमी थोडी उरतात आणि नेहमी थोडी कमी पडतात. नऊ वर्षांच्या मुलीने नव्वद रत्नं म्हणजे किती रुपये हे डोक्यात कसं करायचं?

बनवणाऱ्यांचं कामही बदललं. पूर्वी दोन-तीन वर्षं राबून गेम पूर्ण व्हायचा, कॅसेटवर चढायचा आणि चमू मोकळा व्हायचा. आता गेम बाजारात येतो तो दिवस कामाची सुरुवात असतो. दर आठवड्याला नवा कार्यक्रम, सणाचे कपडे, मर्यादित काळाचं पात्र. हे थांबलं की खेळाडू पांगतात. गेम बनवणं पुस्तक छापण्यासारखं होतं, ते खानावळ चालवण्यासारखं झालं. खानावळीत रोज चूल पेटवावीच लागते.

चिठ्ठी फोडायचा खेळ

आमच्या शाळेजवळच्या दुकानात एक पुठ्ठा टांगलेला असायचा. चार आणे द्यायचे आणि चिठ्ठी फोडायची. आत नंबर. बहुतेक नंबरांना छोटा फुगा नाहीतर गोळी. सगळ्यात वर एक भलामोठा फुगा लटकायचा, आणि पुठ्ठा जवळपास संपला तरी तो तिथेच असायचा.

जपानमध्ये याचं यंत्र असतं. नाणं टाकून मूठ फिरवायची, 'गाचा गाचा' आवाज येतो आणि प्लास्टिकच्या गोळ्यातून खेळणं पडतं. फोनवरच्या गेमनी हेच उचललं आणि नावही तेच ठेवलं, गाचा. पैसे देऊन पात्र निवडायचं नाही, पैसे देऊन नशीब फिरवायचं.

इथे थोडं गणित करू. एखादं दुर्मीळ पात्र मिळायची शक्यता दर वेळी १ टक्का आहे. मुलाला वाटतं, शंभर वेळा फिरवलं की मिळणारच. तसं होत नाही. प्रत्येक वेळी न मिळायची शक्यता ९९ टक्के, आणि ती शंभर वेळा एकापुढे एक गुणली की साधारण ३७ टक्के उरते. शंभर मुलांनी प्रत्येकी शंभर वेळा फिरवलं, तरी त्यातली ३७ मुलं रिकाम्या हाताने राहतील. मोठ्यांनाही हे पटकन पटत नाही.

याहून वाईट प्रकार होता तो 'कॉम्प्लीट गाचा'. ठरावीक संच पूर्ण केला तरच मोठं बक्षीस. समजा संचात दहा पत्ते आहेत आणि प्रत्येक मिळायची शक्यता सारखी आहे. पहिले पाच वेगळे पत्ते जमायला सरासरी साडेसहा वेळा फिरवावं लागतं. उरलेले पाच जमायला जवळपास तेवीस वेळा, कारण आता हातात आलेलेच पत्ते पुन्हा पुन्हा येत राहतात. शेवटच्या एकट्या पत्त्यासाठी सरासरी दहा. अर्धा संच झटपट होतो, त्यामुळे मुलाला वाटतं की झालंच आता. आणि तिथूनच खर्च वाढत जातो.

जपानमध्ये मुलांनी घरच्यांच्या नकळत मोठ्या रकमा उडवल्याच्या तक्रारी वाढल्या. मे २०१२ मध्ये तिथल्या ग्राहक व्यवहार खात्याने सांगितलं की कॉम्प्लीट गाचा हा बक्षीस-योजनांच्या कायद्याविरुद्ध आहे. ही बातमी येताच ग्री आणि डीएनएचे शेअर कोसळले आणि कंपन्यांनी तो प्रकार गुंडाळला. साधा गाचा मात्र राहिला. बेल्जियमने पुढे, २०१८ मध्ये, पैसे देऊन नशीब आजमावायच्या अशा पेट्यांना थेट जुगारात धरलं.

अमेरिकेत वेगळीच गोष्ट उघड झाली. तिथे ॲपलच्या स्टोअरमध्ये पालकाने एकदा पासवर्ड टाकला की पुढची पंधरा मिनिटं तो पुन्हा विचारला जात नसे. आई एक गेम उतरवून द्यायची आणि त्या पंधरा मिनिटांत मूल हवी तितकी खरेदी करायचं, तेही खरे पैसे जातायत याची जाणीव नसताना. २०१४ मध्ये ॲपलने तिथल्या सरकारी आयोगाशी तडजोड करून पालकांना किमान ३.२५ कोटी डॉलर परत करायचं मान्य केलं.

मारिओ फोनवर येतो

मार्च २०१५ मध्ये निन्टेन्डोने डीएनएशी हातमिळवणी जाहीर केली. आता फोनवर यायचं. इवाता हे सांगायला स्वतः उभे राहिले. चारच महिन्यांनी, वयाच्या ५५व्या वर्षी, ते गेले.

२०१६ च्या जुलैमध्ये पोकेमॉन गो आला आणि जगभर माणसं फोन घेऊन रस्त्यावर फिरू लागली. निन्टेन्डोचा शेअर उडाला. मग कंपनीनेच स्पष्ट केलं की हा गेम नायँटिक या दुसऱ्या कंपनीचा आहे आणि आपल्या नफ्यावर त्याचा परिणाम मर्यादितच असेल. एका दिवसात शेअर १८ टक्क्यांच्या आसपास खाली आला.

त्याच डिसेंबरमध्ये आला सुपर मारिओ रन. मारिओ आपला आपण धावतो, आपण फक्त टिचकी मारून उडी मारायची. एका हाताने. पैशांचा मार्गही जुना ठेवला: पहिले काही टप्पे फुकट, आवडला तर एकदाच १,२०० येन, मग पुन्हा काही मागणार नाही. लाइफची वाट बघणं नाही आणि गाचाही नाही. चार दिवसांत ४ कोटी लोकांनी तो उतरवला. पैसे दिले ते ५ टक्क्यांहून थोड्याच अधिकांनी. फुकटाची सवय लागलेल्यांना १,२०० येन महाग वाटले आणि त्यांनी चिडून एक तारा दिला. उतरवणाऱ्यांचा आकडा पुढे २० कोटींवर गेला, तरीही नफा समाधानकारक नाही असं कंपनीने कबूल केलं.

दोनच महिन्यांनी तिचा फायर एम्ब्लेम हीरोज आला. त्यात गाचा होता. मारिओच्या मानाने कितीतरी कमी लोकांना माहीत असलेलं नाव, पण बाजाराचा अंदाज घेणाऱ्या संस्थांच्या मते पुढची काही वर्षं निन्टेन्डोच्या मोबाइल गेमच्या कमाईत निम्म्याहून मोठा वाटा या एकट्याचा होता. एकदाच पैसे घेणारा जगप्रसिद्ध मारिओ मागे, आणि नशिबाची मूठ फिरवायला लावणारा गेम पुढे. गेम बनवणारी माणसं लोभी असतात म्हणून असं घडतं, एवढं सांगून भागणार नाही. प्रामाणिक किंमत लावली तेव्हा आपण ती द्यायला नकार दिला, हाही याच गोष्टीचा भाग आहे.

यानंतर निन्टेन्डोने जे केलं ते मला महत्त्वाचं वाटतं. ती मोबाइलच्या मागे पूर्णपणे लागली नाही. २०१७ मध्ये तिने स्विच आणलं, टीव्हीलाही लागेल आणि हातातही धरता येईल असं यंत्र, आणि त्यावर पुन्हा पूर्ण किमतीचे गेम विकले. ते १५ कोटींच्या पुढे गेलं. मार्च २०२१ ला संपलेल्या वर्षात तिच्या एकूण विक्रीत मोबाइल आणि पात्रांच्या हक्कांचा वाटा जेमतेम ३ टक्के होता. फोनला तिने दाराबाहेरच्या पाटीसारखं वापरलं: मूल फोनवर मारिओला भेटेल आणि मग त्याच्या घरी येईल. डॉक्टर मारिओ वर्ल्ड २०२१ मध्ये बंद केला. मारिओ कार्ट टूरमधला गाचा २०२२ मध्ये काढून टाकला. ॲनिमल क्रॉसिंगचा मोबाइल गेम सात वर्षं ऑनलाइन चालवून २०२४ च्या अखेरीस बंद केला आणि त्याच जागी एकदाच पैसे देऊन कायमचा घ्यायची आवृत्ती ठेवली. फोनवरसुद्धा शेवटी पुन्हा कॅसेटच.

आपल्याकडे कॅसेट नव्हतीच

हे सगळं जपानचं. आपल्याकडे गोष्ट मधूनच सुरू होते. खरं निन्टेन्डो इथल्या मध्यमवर्गीय घरात कधी आलंच नाही, आले ते नकली टीव्ही गेम. मग नोकियाचा साप आला. मग सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, इंटरनेट स्वस्त झालं आणि पोरं थेट स्मार्टफोनवर गेली. मार्च २०१८ मध्ये आलेल्या पबजी मोबाइलने गल्लीतली मुलं एका पारावर पण वेगवेगळ्या पडद्यांत बसवली. सप्टेंबर २०२० मध्ये त्यावर बंदी आली आणि २०२१ मध्ये तो नव्या नावाने परतला.

आपले गेम बनवणारेही यंत्रावरून मोबाइलकडे 'वळले' नाहीत, त्यांचा जन्मच मोबाइलवरचा. नवी मुंबईतल्या गेमेशनने २०१६ मध्ये लुडो किंग आणला. २०२० च्या लॉकडाउनमध्ये दूरदर्शनवर रामायण आणि मग फोनवर लुडो हा कित्येक घरांचा संध्याकाळचा क्रम होता. त्यात एकच फोन फिरवत चौघांना खेळता येतं, इंटरनेटही लागत नाही. अनेक घरांत एकच फोन असलेल्या देशासाठी ही फार समंजस रचना आहे. त्याची कमाई जाहिराती आणि छोट्या खरेद्यांवर चालते. पुण्याच्या सुपरगेमिंगने २०२४ मध्ये इंडस हा मोठा लढाईचा गेम काढला, तोही फुकट घ्यायचा.

याचा अर्थ असा की आपल्या मुलांनी गेमचा एकच प्रकार पाहिलाय, कधीही न संपणारा. जपानी बापाला निदान आठवतं की गेम संपायचा. २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, पण त्याचा रोख पैसे लावून पैसे मिळवण्याच्या खेळांवर आहे. लाइफ आणि रत्नं विकणाऱ्या लहान मुलांच्या गेमना समोर ठेवून तो लिहिलेला नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. रिटेन्शनचा सगळा हिशोब अशा पाळतीवरच उभा असल्यामुळे ही तरतूद कशी राबवली जाते याकडे पालकांनी लक्ष ठेवावं असं मला वाटतं.

तोवर घरात करण्यासारखं बरंच आहे. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायचं सेटिंग चालू करा, 'दर वेळी' हा पर्याय निवडून. मुलाच्या हातात जाणाऱ्या फोनवरून कार्ड काढून टाका. गेमच्या माहितीत 'इन-ॲप परचेस' लिहिलं आहे का ते आधी बघा. आणि जमत असेल तर एकदाच पैसे देऊन मिळणारे गेम घ्या, किंवा ॲपल आर्केड, प्ले पास अशी वर्गणी, ज्यातल्या बहुतेक गेममध्ये जाहिराती आणि आतली खरेदी नसते. प्ले पास २०२२ मध्ये भारतात आला तेव्हा महिन्याला ९९ रुपये होता. ज्याचे पैसे आधीच मिळाले, त्या गेमला तुमच्या मुलीला अर्धा तास ताटकळत ठेवायचं कारण उरत नाही.

ते सेटिंग मी त्या दिवशी बहिणीच्या फोनमध्ये करून दिलं. मग भाचीला शेजारी बसवून विचारलं, "हा गेम तुला रोज यायला काय काय देतो गं?" तिने बोटांवर मोजलं: सकाळची पेटी, मैत्रिणीने पाठवलेली लाइफ, सातव्या दिवसाचं चाक, दिवाळीचा कंदील. मग थोडं थांबून म्हणाली, "कंदील रविवारी जाणार आहे मामा. म्हणून आज खेळायलाच लागेल."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी दुसरं काहीतरी येतं."